उजव्या पायाचा अंगठा आणि भिवापूरची गाडी

नखापायी माणूस दवाखान्यात भरती होतो, हे मला वर्षभरापूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आमच्या डेपोत पाठ धरलेले ड्रायव्हर आहेत, गुडघे गेलेल्या वाहक बायका आहेत. त्यांच्यासमोर नखाचं काय सांगायचं? म्हणून मी सांगितलंच नाही. सहा महिने कोणालाच सांगितलं नाही. आता पायावर उभी आहे, तर लिहून ठेवते. दिवसभर बूट घालून उभं राहणारं कोणी वाचेल आणि माझ्याएवढा उशीर करणार नाही.

माझं नाव वंदना, वय एक्केचाळीस. नागपूरहून उमरेडवरून भिवापूरला जाणाऱ्या लाल बसवर मी वाहक आहे. घर दिघोरीला, उमरेड रोडला लागून. माझे मिस्टर प्रमोद हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. आम्हाला मूलबाळ नाही.

उमरेडच्या पुढं आणि भिवापूरच्या अलीकडं एका फाट्यावर माझं माहेर आहे. फाट्यापासून गाव पायी दहा मिनिटं. बाबांना लकवा झाल्यापासून ते खाटेवर आहेत. माय त्यांना सोडून नागपूरला येऊ शकत नाही आणि मी त्यांची एकुलती एक. तीन वर्षांपूर्वी मला हा रूट मिळाला तेव्हापासून माय रोज सकाळी नऊच्या सुमारास फाट्यावर येऊन उभी राहते. गाडी थांबली की मी खाली उतरायचे. ती भाजीचा डबा द्यायची, मी कालचा रिकामा डबा परत करायचे. बाबांनी खाल्लं का, झोप लागली का, एवढं विचारून होतं न होतं तोच धोटेभाऊ हॉर्न द्यायचे. धोटेभाऊ म्हणजे आमचे ड्रायव्हर. सगळं मिळून दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांसाठी मी इतर वाहकांशी ड्यूटीची अदलाबदल करून हीच गाडी मागून घ्यायचे. फोनवर आम्ही रोज बोलतो, पण मायजवळ बटणाचा फोन आहे. त्यात चेहरा दिसत नाही.

काळे बूट

सुरुवात पावसाळ्याच्या तोंडाशी झाली. जुने बूट फाटले म्हणून सीताबर्डीतून नवीन काळे बूट घेतले. पुढून निमुळते, दिसायला छान. घालून पाहिले तेव्हाच बोटं दबत होती. दुकानदार म्हणाला, "वापरून सैल होतील ताई." सैल झाले नाहीत. दिवसभर ओले मोजे, त्यावर गर्दीत कोणाचा तरी पाय पडायचा, आणि एकदा एका प्रवाशाची लोखंडी पेटी नेमकी उजव्या अंगठ्यावर आली.

नखं कापायची माझी जुनी पद्धत अशी की कोपरे गोल करून अगदी आतपर्यंत घ्यायचे. नख स्वच्छ दिसतं. अंगठ्याचा आतला कोपरा दुखायला लागला तेव्हा मी तो आणखी खोल कापला, ब्लेडनं. दोन दिवस बरं वाटलं. मग पुन्हा ठणका. पुन्हा ब्लेड. नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की कोपरा कापताना नखाचा एक बारीकसा टोकदार तुकडा आत राहून जातो आणि नख वाढलं की तोच मांसात घुसतो. म्हणजे दर वेळी मीच पुढच्या दुखण्याची तयारी करत होते.

लिंबू घालून बांधलं. हळद-तेल लावलं. शेजारच्या पार्लरवालीनं "वाढलेली कड काढून देते" म्हणून खरवडून दिलं, त्यानंतर पू यायला लागला. कडेचं लाल मांस नखावर चढलं. मी बूट थोडे उशिरा घालायचे आणि लवकर काढायचे, एवढाच इलाज. तहान खूप लागायची, थकवा यायचा, पण वाहकाला कधी थकवा येत नाही?

पोळ्याच्या सुमारास फाट्यावर मी खाली उतरणं सोडलं. पायरीवर उजवा पाय टेकवला की डोळ्यांत पाणी यायचं. मी दारातूनच हात लांब करून डबा घ्यायचे आणि म्हणायचे, "आज उशीर झाला माय, गाडी भरली हाय." माय बरं म्हणायची.

"शुगर किती दिवसांपासून आहे?"

दिवाळी झाल्यावर एका दिवशी उमरेडच्या स्टँडवर उतरताना माझा तोल गेला. धोटेभाऊंनी दंड धरला म्हणून पडले नाही. अंगात कणकण होती. त्यांनी मला बाकावर बसवलं.

"ताई, बूट काढा."

"राहू द्या भाऊ, नखच तं हाय."

"काढा म्हणतो ना."

मोजा अंगठ्याला चिकटला होता. तो सोडवला तेव्हा वास आला. धोटेभाऊंनी वाकून अंगठा नीट पाहिला. मग म्हणाले, "हे नख नाही राहिलं ताई. हे जखम हाय. आज संध्याकाळी दवाखान्यात गेल्या नाही, तं उद्या मी गाडी हलवत नाही."

संध्याकाळी प्रमोदना सांगावंच लागलं. ते मला मोटारसायकलवर बसवून मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. अपघात विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाय पाहिला, मग बोटाला टोचून रक्ताचा थेंब मशीनवर घेतला आणि मशीनकडं पाहतच विचारलं, "ताई, शुगर किती दिवसांपासून आहे?"

"मला शुगर नाही."

त्यांनी मशीन माझ्याकडं वळवलं. तो आकडा मी इथं लिहीत नाही. पण त्यांनी लगेच सिस्टरला हाक मारली, त्यावरून मी समजले.

"भरती व्हावं लागेल. आधी शुगर खाली आणू, सलाईनमधून औषध देऊ, मग नखाचं बघू. उद्या एक्स-रे काढू."

"नखाचा एक्स-रे?"

"हाडाचा. जंतू हाडापर्यंत गेले नाहीत ना, ते बघायचं."

"अन् गेले असले तं?"

"तर बोटाचा विचार करावा लागेल. आत्ता घाबरू नका."

त्यांचं 'आत्ता' माझ्या डोक्यात राहिलं. आमच्या डेपोतल्या एका जुन्या मेकॅनिकचं असंच अंगठ्यापासून सुरू झालं होतं आणि गुडघ्यापर्यंत गेलं होतं. ते आठवलं, आणि त्याहून आधी आठवली ती गाडीची पायरी. अंगठा नसला तर मी चालत्या गाडीत तोल कसा सांभाळीन, फाट्यावर कशी उतरेन.

प्रमोद व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. माझ्याकडं न पाहता म्हणाले, "सहा महिने? सहा महिने तू लंगडत ड्यूटी करून राहिली अन् मले पत्ता नाही? मी काय त्या घरात भाड्यानं राहतो का वं?"

मी म्हटलं, "तुमच्या पाळ्या चालू होत्या."

"पाळ्या चालू होत्या म्हणून डोळे बंद होते काय?" आणि मग आवाज उतरवून, स्वतःशीच, "होते म्हणा. बंदच होते."

मायला सांगायचं नाही, हे मी त्याच व्हरांड्यात ठरवलं. ती बाबांना सोडून येऊ शकणार नाही आणि तिथं बसून नुसती झुरत राहील. प्रमोदना हे पटलं नाही. आमचं भांडण झालं, दवाखान्यातच. शेवटी मी धोटेभाऊंना फोन करून पढवलं, "मायनं विचारलं तं सांगजा, ताईले काही दिवस दुसऱ्या गाडीवर टाकलं."

सिंधूबाई

वॉर्डात पहाटे पाचला झाडू लागायचा. मग रक्त घ्यायला यायचे, मग चहा, बिनसाखरेचा. आठच्या पुढं डॉक्टर लोकांचा घोळका प्रत्येक खाटेशी थांबत यायचा. दुपारी ड्रेसिंग. ज्या खाटेवर ड्रेसिंग चालू असेल तिकडं बाकीच्या बायका बघत नसत. हा आमच्यातला न ठरवता ठरलेला नियम होता.

माझ्या शेजारच्या खाटेवर सिंधूबाई होत्या. साठीच्या पुढच्या. इतवारीत धान्याच्या गोदामात गहू-तांदूळ निवडायचं काम करायच्या. जन्मभर अनवाणी. त्यांच्या पायाची नखं पिवळी, जाड, भुसभुशीत झाली होती. त्यांना वाटायचं वयानं झाली असतील, म्हणून वरून लाल नेलपॉलिश लावून ठेवायच्या. ती बुरशी होती. वर्षानुवर्षं वाढली, नखाखालची कातडी फाटली, शुगर होतीच. डाव्या पायाचं शेवटून दुसरं बोट मागच्या वर्षी काढावं लागलं होतं. आता पुन्हा जखम झाली होती.

भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढून आणला आणि निकाल त्याच्या पुढच्या दिवशी राउंडला कळणार होता. मी छताकडं बघत पडले होते. सिंधूबाई म्हणाल्या, "काय पाहून राहिली वर? पंखा तं बंद हाय."

मी म्हटलं, "मावशी, बोट काढलं तेव्हा तुम्हाले कसं वाटलं?"

त्यांनी विचार केला. "काढलं तेव्हा काही नाही वाटलं. पण आताही कधी कधी त्या बोटाले खाज येते. जे नाहीच, त्याले. हात नेतो तं तिथं काही नसते." हसल्या. "मले त्या बोटाची आठवण येते बाई. त्यानं माह्यं काय वाईट केलं होतं? मीच त्याच्याकडं पाहिलं नाही."

तोवर मी रडले नव्हते. तेव्हा रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग स्वतःची भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी पुढं केली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीकडं धरून पाहिला. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होते. "हाड वाचलंय," त्या म्हणाल्या. "पायातला रक्तप्रवाहही चांगला आहे. आणखी दोन-तीन आठवडे काढले असते तर सांगता आलं नसतं." सिंधूबाईंनी पलीकडून टाळी वाजवली. वॉर्डात कोणी टाळी वाजवत नाही, सगळ्या वळून बघायला लागल्या.

थांबे

चौथ्या दिवशी शुगर आवाक्यात आली आणि माझं नख काढायला नेलं. पूर्ण नाही, फक्त आत घुसलेली कड, उभी पट्टीसारखी. मुळाशी औषध लावतात, म्हणजे त्या कडेनं नख पुन्हा वाढत नाही.

खोटं कशाला सांगू, अंगठ्याच्या मुळाशी देतात ती दोन इंजेक्शनं फार दुखतात. ज्यांना पुढं हे करायचं आहे त्यांनी एवढंच धरून ठेवावं, की तेवढंच दुखतं. त्यानंतर अंगठा आपला राहत नाही. कोणी तरी काही तरी ओढतंय हे कळतं, बाकी काही नाही.

सिस्टरनं माझा खांदा धरून ठेवला होता. त्यांना मी वाहक असल्याचं ठाऊक होतं. म्हणाल्या, "ताई, तुमच्या गाडीचे थांबे सांगा बरं एकेक करून."

मी डोळे मिटून सुरू केलं. दिघोरी. विहीरगाव. पाचगाव. चांपा. उमरेड. मग आमचा फाटा म्हणाले आणि तिथंच थांबले.

"पुढं?" सिस्टरनं विचारलं.

"पुढं भिवापूर आहे," मी म्हटलं, "पण इथं माझी माय उभी असते."

सिस्टरचा हात खांद्यावर थोडा घट्ट झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं. बघायचंय का, काय निघालं?" एका पांढऱ्या कापडावर तो तुकडा होता. तांदळाच्या लांब दाण्याएवढा. त्यानं मला सहा महिने छळलं होतं.

मायचा निरोप

भरती होऊन आठ दिवस झाले होते. दुपारच्या भेटीच्या वेळेत धोटेभाऊ आले. त्यांच्या हातात मायचा डबा होता. पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी, वरून हिरवा सांबार, आमच्याकडची कोथिंबीर, पेरलेली.

"रोज येते फाट्यावर," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी मी तुम्ही सांगतलं तसंच सांगतलं, दुसऱ्या गाडीवर टाकलं म्हणून. ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी. मी म्हटलं, आजी, ताई नाही ना गाडीत, काहून उन्हात येता? तं म्हणते, गाडी तं तिचीच हाय ना."

मी डबा मांडीवर धरून बसले.

"अन् आज निरोप दिला. म्हणे, तिले म्हणा, पायाले पाणी लागू देऊ नोको."

मी धोटेभाऊंकडं पाहिलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. "आईची शपथ ताई, मी एक शब्द नाही बोललो."

ते गेल्यावर मी फोन लावला.

"माय, तुले कोणं सांगतलं?"

"कोणी नाही. पोळ्यापासून तू खाली उतरून नाही राहिली. दारातूनच डबा घेते. दोन मिनिटं भेटते तू मले. त्यात मी पहिले पायच पाहतो, नीट उतरते का नाही म्हणून. लहानपणी पडत जाये ना तू."

"मग विचारलं काहून नाही?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहिली."

मग मी रडत रडतच नखाचं, शुगरचं, दवाखान्याचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रडू नोको. शुगर हाय म्हणते का डॉक्टर? तुह्या आजीलेही होती. आता गूळ घातलेलं काही पाठवणार नाही मी." मग थोडं थांबून, "चेहरा उतरला असल तुहा."

"हो."

"मले दिसून राहिला," ती म्हणाली.

घरी

त्यानंतर सहा आठवडे घरी. पाय दोन उशांवर, दिवसाआड ड्रेसिंग. शुगर असली की जखम हळू भरते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी मी रोज पट्टीकडं बघून विचारायचे, आज तरी?

प्रमोद पाळीवरून येऊन भाकरी टाकायचे. जाड, कडेनं कच्च्या. पहिले काही दिवस मी स्वयंपाकघरातून येणाऱ्या आवाजांवर चिडायचे, ते माझ्या सूचनांवर चिडायचे. एकदा त्यांनी तवा आपटला आणि म्हणाले, "तुले चाललं पाहिजे अन् मले झोप पाहिजे. दोघांचंही होऊन नाही राहिलं." खरंच होतं. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पण संध्याकाळी ड्रेसिंगची वेळ झाली तेव्हा ते साबणानं हात धुऊन आले, खाली बसले आणि पट्टी सोडायला लागले. पंधरा वर्षांच्या संसारात त्यांनी माझा पाय हातात धरला नव्हता. इतक्या हळुवारपणे हा माणूस काही करू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

सगळ्यात अवघड वेळ सकाळची. सव्वासातला आमची गाडी दिघोरी चौकातून वळते. तिचा गिअर पडताना एक विशिष्ट आवाज होतो, तो मला घरात ऐकू यायचा. मग मी मनातल्या मनात गाडीबरोबर जायचे. आता पाचगाव. आता उमरेडच्या स्टँडवर चहा. आता नऊ वाजले, आता ती फाट्यावर हात वर करत असेल. घड्याळात नऊ वाजून दोन मिनिटं झाली की माझा दिवस संपल्यासारखा वाटायचा.

मी एकदा फोनवर म्हटलं, बसनं येऊन जाते. मायच म्हणाली, "गावात येशील तं दहा मिनिटं मातीतून चालशील. जखम भरल्याबिगर येजो नोको. आलीस तं मी बोलणार नाही."

नखांचं

या दिवसांत शिकलेलं सांगते. मी डॉक्टर नाही. माझ्या पायानं शिकवलं तेवढंच.

पायाचं नख सरळ कापायचं. कोपरे गोल करून आत शिरायचं नाही, बोटाच्या टोकाएवढं नख राहू द्यायचं. आंघोळीनंतर कापलं की मऊ असतं, तुटत नाही. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढं बोटं हलली पाहिजेत. 'सैल होतील' म्हणणाऱ्याचं ऐकू नये. मोजे ओले झाले तर बदलावेत. मी आता पिशवीत एक जोड ठेवते. नख पिवळं, जाड किंवा काळं पडलं तर त्यावर रंग लावून झाकू नये, सिंधूबाईंची आठवण ठेवावी. कोपरा नुसता लाल झाला असेल तर कोमट पाण्यात पाय ठेवून आराम पडतो, पण पू दिसला की ब्लेड, पार्लर, लिंबू सगळं बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी घरी काहीच करू नये. रोज रात्री आरसा घेऊन तळपाय पाहावा, एवढंच आपलं काम.

आणि कोणाला तरी सांगावं. हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, हे माझं.

माईक

जानेवारीत डॉक्टरांनी बसून करायच्या कामाची परवानगी दिली. मला बसस्थानकावरच्या नियंत्रण कक्षात माईकवर बसवलं. पायात पुढून उघडी चप्पल, समोर खिडकी, खिडकीतून सगळे फलाट दिसायचे.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. उमरेड मार्गे भिवापूरला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे."

रोज सकाळी मीच माझी गाडी पुकारायचे आणि मग तिच्यात दुसरा वाहक चढायचा. धोटेभाऊ खिडकीकडं बघून हात करायचे. गाडी मागं यायची, वळायची आणि निघून जायची. घरी निदान ती दिसत तरी नव्हती.

एका सकाळी मला काय झालं ठाऊक नाही. मी भिवापूर म्हणाले आणि त्याच्यापुढं आमच्या फाट्याचं नाव जोडलं. माईकवर, अख्ख्या स्थानकाला ऐकू जाईल असं. तो विनंती थांबा आहे, कोणी सांगितलं तरच गाडी थांबते. त्याचं नाव पाटीवरसुद्धा नसतं. शेजारी बसलेले वाहतूक नियंत्रक साहेब पेन थांबवून माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ आले. "बाई, हे गाडी खरंच त्या फाट्यावर थांबते काय? मले तिथंच जायचं हाय, अन् कोणी सांगून नाही राहिलं."

"थांबते बाबा," मी म्हटलं. "रोज थांबते."

साहेब पुन्हा लिहायला लागले. त्यानंतर मी रोज ते नाव घेत गेले आणि कोणी मला अडवलं नाही.

फाटा

फेब्रुवारीच्या शेवटी जखम पूर्ण भरली. नख आता एका बाजूनं अरुंद आहे, तसंच राहणार. सकाळ-संध्याकाळ शुगरची गोळी चालू आहे. सिंधूबाईंना मी फोन करते. त्यांची जखम भरली, त्यांना पायात चप्पल घालायची सवय होत नाही म्हणून त्या सगळ्यांना शिव्या देतात.

गाडीवर परत जायच्या आधीच्या रविवारी मला सुटी होती. आजवर सुटीच्या दिवशी माहेरी जायचे ते प्रमोदच्या मोटारसायकलवर. त्या दिवशी त्यांची पाळी होती. मी म्हटलं, माझ्याच गाडीनं जाते, प्रवासी म्हणून. पुढून रुंद, मऊ बूट घातले. धोटेभाऊंच्या मागच्या सीटवर बसले. उमरेडला मिरचीची पोती चढली आणि अख्खी गाडी शिंकायला लागली. कोणालाही शिंकताना पाहून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

मी येणार हे मायला सांगितलं नव्हतं.

फाट्यावर ती उभी होती. लुगड्याचा पदर डोक्यावर, हातात डबा. तीन-साडेतीन महिन्यांत बारीक झाली होती. किंवा मी इतके दिवस तिला नीट पाहिलंच नव्हतं. धोटेभाऊंनी गाडी थांबवली. मी पायरीवर डावा पाय ठेवला, मग उजवा, मग दोन्ही पायांनी खाली जमिनीवर उतरले. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. पायांकडं बघत होती.

"दुखते?"

"नाही माय."

"खरं सांग."

"खरंच नाही."

मग तिनं वर पाहिलं आणि माझ्या गालावर हात ठेवला. "बाबा रोज विचारते, गाडी आली का म्हणून," ती म्हणाली. गाडीतल्या दोन-तीन बाया खिडकीतून बघत होत्या. त्यांना आमचं रोजचं ठाऊक होतं. नव्या वाहकानं बेल मारली, धोटेभाऊंनी हॉर्न दिला. गाडी हलली.

मी आजवर त्या फाट्यावरून माझी गाडी जाताना पाहिली नव्हती. मी नेहमी आत असायचे. गाडी सुटली की पुढची तिकिटं, पुढचा थांबा. मागं वळून पाहायचे तर माय लहान होत जाताना दिसायची, तेवढंच. इथून गाडी कशी दिसते, हे मला ठाऊक नव्हतं. मागची काच, त्यावरची धूळ, मग वळणावरचं बाभळीचं झाड, मग नुसता आवाज. आवाजही बराच वेळ येत राहतो.

मी डबा तिच्या हातातून घेतला आणि गावाकडं वळले. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं, ती आलीच नाही. तिथंच उभी होती, रस्त्याच्या कडेला. गाडी गेली त्या दिशेला बघत.

"माय," मी हाक मारली, "चल ना. मी तं इथं हाय."

तिनं दचकून माझ्याकडं पाहिलं.

"हो वं," ती म्हणाली. "सवय झाली."